झोळीखालची दुलई : ऋतुमानानुसार उष्णतारोधकाची निवड

अमेरिकेच्या पूर्व भागातील अरण्यांतून पायी प्रवास करणारे पुष्कळ लोक रात्री तंबू न उभारता दोन झाडांच्या मध्ये कापडाची झोळी बांधून तीत निजतात. जमीन दगडाळ असो, उतरती असो की पावसाने भिजलेली असो, झोळीत निजणाऱ्याला तिची फिकीर नसते. परंतु हा प्रकार प्रथमच करून पाहणाऱ्या माणसाला पहिल्याच रात्री एक चमत्कारिक अनुभव येतो. हवा काही फार थंड नसते. पारा १५ अंश सेल्सियसच्या आसपास असतो. अंगाभोवती पिसे भरलेली, उत्तम प्रतीची स्लीपिंग बॅग असते. तरीही मध्यरात्रीनंतर केव्हातरी तो जागा होतो, आणि त्याच्या ध्यानात येते की आपली छाती व पोट उबदार आहे, परंतु पाठ, कंबर आणि मांड्यांची मागील बाजू गारठून गेली आहे. तो कुशीवर वळतो, तर आता ती कूस गारठू लागते. वरून आणखी एक पांघरूण घेतले तरी उपयोग होत नाही. उजाडेपर्यंत दात वाजत राहतात.

ह्या अनुभवाचे कारण काय आणि त्यावर उपाय कोणता, ह्याचा विचार ह्या पुस्तिकेत करावयाचा आहे. उपाय तसा साधा आहे. झोळीच्या बाहेरच्या अंगास, तिच्या तळाशी, आणखी एक दुलई टांगावयाची. मात्र ती दुलई किती जाडीची असावी, तीत काय भरलेले असावे आणि ती कशी बांधावी, ह्याची उत्तरे ऋतूप्रमाणे बदलतात. आणि ती चुकली तर प्रसंग केवळ गैरसोयीवर निभावत नाही.

शब्दांविषयी आधी थोडेसे. 'हॅमॉक' ह्या शब्दाला येथे 'झोळी' हाच प्रतिशब्द योजिला आहे. आपल्याकडे तान्ह्या मुलासाठी लुगड्याची झोळी बांधतात, तिचेच हे मोठे भावंड होय. तिच्याखाली टांगावयाच्या वस्तूला मात्र मराठीत रूढ शब्द नाही. तिला पांघरूण म्हणावे, तर ती अंगावर घेतलेली नसते. अंथरूण म्हणावे, तर तिच्यावर कोणी निजत नाही. तिला आपण 'तळदुलई' म्हणू.

झोळी ही मूळची उष्ण प्रदेशातील वस्तू आहे. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तेथील लोक कापसाच्या जाळीदार झोळ्यांत निजत असल्याचे त्याने नमूद केले आहे. 'हमाका' हा त्या बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतील शब्द स्पॅनिशमार्गे युरोपात गेला आणि त्यापासून 'हॅमॉक' झाला. त्या दमट, उष्ण हवेत पाठीखालून वारा खेळणे हा झोळीचा मोठाच गुण होता. पुढे युरोपीय आरमारांनी ती उचलली. परंतु खलाशाची झोळी जहाजाच्या पोटात, वाऱ्यापासून आडोशाला टांगलेली असे आणि तीत एक पातळशी गादीही असे. थंड प्रदेशातील उघड्या रानात झोळी टांगू लागल्यावर मात्र तिचा तोच गुण दोष होऊन बसला.

ऊब कोठे असते?

दुलई ऊब देते असे आपण म्हणतो, परंतु वास्तविक दुलई कोणतीही उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता निर्माण होते ती आपल्या शरीरात. शांत निजलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे ७० ते ८० वॅट इतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. तिचा काही भाग श्वासावाटे आणि त्वचेवरील नकळत होणाऱ्या बाष्पीभवनात खर्च होतो. बाकीची वहन, अभिसरण आणि प्रारण ह्या तीन मार्गांनी भोवतालच्या थंड हवेकडे जाते. दुलईचे काम एवढेच, की ही उष्णता बाहेर जाण्याचा वेग शरीराच्या उत्पादनाइतका राखावयाचा. वेग अधिक झाला की माणूस कुडकुडतो. कमी झाला की घामेजतो.

हा वेग कमी करण्यासाठी निसर्गात सहज मिळणारा उत्तम पदार्थ म्हणजे स्थिर हवा. हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे २४ पट वेगाने उष्णता वाहून नेते, हे येथेच लक्षात ठेवावे. पुढे ह्या आकड्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे. परंतु मोकळी हवा स्थिर राहत नाही. अंगाशी तापलेली हवा हलते, तिची जागा थंड हवा घेते, आणि उष्णता वाहून जाते. कापूस, लोकर, पिसे ह्यांचे खरे कार्य हवेला जागच्या जागी अडकवून ठेवणे हे होय. दुलईच्या आकारमानाचा फार मोठा भाग हवेचाच असतो. तंतू हा केवळ त्या हवेचा पिंजरा.

आता झोळीतील माणसाच्या पाठीखाली काय घडते ते पाहू. स्लीपिंग बॅगेचा वरचा भाग फुगलेला राहतो. त्यात ५ सेंटिमीटर जाडीची हवा असते. पाठीखालच्या भागावर मात्र सर्व शरीराचा भार पडतो. पिसे चेपली जातात, हवा निघून जाते, आणि ५ सेंटिमीटरांची जाडी काही मिलिमीटरांवर येते. पिसे तेथेच असतात, त्यांचे वजनही तेवढेच असते. ऊब मात्र गेलेली असते.

जमिनीवर निजणाऱ्याच्या बाबतीतही पिसे चेपली जातातच. परंतु त्याच्याखाली बहुधा चटई असते, आणि जमिनीखालून वारा वाहत नाही. झोळीच्या तळाला सर्व बाजूंनी वारा लागतो. अमेरिकेत थंडीच्या दिवसांत रस्त्यांवर एक पाटी दिसते : रस्त्याच्या आधी पुलावर बर्फ साचतो, सावध राहा. रस्त्याला खालून जमिनीतील उष्णता मिळत असते, तर पुलाच्या वरूनही वारा आणि खालूनही वारा. झोळीतला माणूस पुलासारखा असतो.

म्हणून तळदुलई झोळीच्या बाहेर टांगतात. शरीराचा भार झोळीचे कापड पेलते. तळदुलईला फक्त स्वतःचा भार असतो, म्हणून ती फुगलेली राहते. ह्या एका गोष्टीवर सर्व योजना आधारलेली आहे. तळदुलईसंबंधीचा पुढील कोणताही प्रश्न उद्भवला तर असे विचारावे : ह्यामुळे तिच्यातील हवा जाड राहते काय, आणि स्थिर राहते काय?

झोळीच्या आत रबरी फेसाची चटई घालणे हा दुसरा मार्ग आहे. अशा चटईतील हवा बंद पेशींत असल्यामुळे भाराने फारशी चेपत नाही, आणि ती स्वस्तही असते. परंतु झोळीच्या वक्र पोटात ती सरकते, खांदे तिच्या कडेबाहेर उरतात आणि तिच्यातून बाष्प जात नसल्यामुळे पाठ घामाने ओली होते. आणीबाणीच्या वेळेसाठी ती जवळ असणे चांगले.

जाडीचा हिशेब

किती अंशांना किती जाडी लागेल, ह्याचा अंदाज शालेय गणिताने करता येतो. निजलेल्या माणसाच्या त्वचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ४० वॅट उष्णता बाहेर पडते. तिचा सुमारे चौथा हिस्सा बाष्पीभवनात जातो. म्हणजे दुलईतून जावयाच्या उष्णतेसाठी ३० वॅट उरतात. त्वचेचे सुखकर तापमान ३३ अंश धरू. पिसांच्या किंवा तंतूंच्या दुलईची उष्णतावाहकता, तिच्यातून होणारे प्रारण हिशेबात घेऊन, दर मीटरला दर अंशाला ०.०४ वॅटच्या आसपास असते. ह्यावरून लागणाऱ्या जाडीचा एक सोपा नियम निघतो : ३३ मधून बाहेरचे तापमान वजा करावे आणि ७.५ ने भागावे. येईल ती जाडी सेंटिमीटरमध्ये.

बाहेर २० अंश असतील तर १३ भागिले ७.५, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. १० अंशांना ३, शून्य अंशाला सुमारे साडेचार आणि शून्याखाली १८ अंशांना सुमारे पावणेसात सेंटिमीटर. २० अंश म्हणजे आपण ज्या हवेला सुखद म्हणतो ती. तरीही त्या हवेत झोळीखाली काहीतरी लागतेच, हे ह्या गणितावरून स्पष्ट होते. झोळीचे कापड व अंगातील कपडे ह्यांची थोडी मदत होते. उलट वारा, फटी आणि दिवसभरचा थकवा ह्यांमुळे हिशेब बिघडतो. म्हणून आलेल्या उत्तरात एक सेंटिमीटर मिळवावा. ज्याने रात्री पोटभर खाल्लेले नाही, जो कृश आहे किंवा वृद्ध आहे, त्याने आणखी मिळवावा.

दुकानात तळदुलईवर एखादा तापमानाचा आकडा छापलेला असतो. स्लीपिंग बॅगेसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार तापविलेला पुतळा चटईवर ठेवून, स्लीपिंग बॅगेत घालून मोजमापे घेतात. तळदुलईसाठी तसे मानक नाही. तिच्यावरचा आकडा हे तयार करणाऱ्याचे मत असते. कधी प्रामाणिक, कधी उत्साही. त्यापेक्षा दुलई झटकून सपाट पसरावी, अर्धा तास थांबावे आणि पट्टी घेऊन जाडी मोजावी हे बरे. पट्टीला विक्रीची घाई नसते.

मग प्रश्न उरतो तो सूत्रात कोणते तापमान घालावयाचे हा, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. हवामानाचा अंदाज बहुधा पायथ्याच्या गावासाठी असतो. उंचीबरोबर हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. टेनेसी राज्यातील गॅटलिनबर्ग हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या माथ्यावरील कुवोही शिखर, ज्याला २०२४ पर्यंत क्लिंगमन्स डोम म्हणत, ते २,०२५ मीटर उंच आहे. गावात ५ अंश असतील तर शिखराजवळ शून्याखाली ५ अंश असू शकतात. ज्याने गावाचा आकडा धरून तीन-चार सेंटिमीटरांची दुलई घेतली, त्याच्या पाठीला दीड सेंटिमीटर हवा कमी पडली.

ह्याच्या उलट प्रकारही आहे. निरभ्र, निवांत रात्री जमीन प्रारणाने आपली उष्णता आकाशाकडे टाकते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि उतारावरून ओघळून दरीच्या तळाशी साचते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या हिवाळी पहाटे दवाचे हिमकण झालेले दिसतात, त्यात ह्या क्रियेचा वाटा असतो. म्हणून थंडीच्या दिवसांत झोळी ओढ्याकाठी किंवा दरीच्या तळाशी न टांगता उतारावर थोडी वर, वाऱ्याच्या आडोशाला टांगावी. तेवढ्याने कित्येकदा काही अंशांचा लाभ होतो, आणि तो लाभ पाठीवर वाहून न्यावा लागत नाही.

लव, कृत्रिम तंतू आणि लोकर

जाडी ठरल्यावर, ती जाडी कशाने भरून काढावयाची हा पुढचा विचार. हंस आणि बदक ह्यांच्या छातीशी, मोठ्या पिसांच्या खाली, मऊ पुंजके असतात. त्यांना पिसाप्रमाणे ताठ देठ नसतो. एका बिंदूपासून सर्व दिशांना बारीक धागे निघालेले असतात. ह्यालाच आपण 'लव' म्हणू. दाबली की ती मुठीत मावते, सोडली की पुन्हा फुलते. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच ह्या गिर्यारोहकाने बलूनच्या कापडात लव भरून शिवलेला कोट नेला होता. लोकरी कपड्यांतील सहकाऱ्यांना त्याचे आरंभी हसू आले. वर गेल्यावर ते हसू टिकले नाही.

लवेची प्रत तिच्या फुगीरपणाच्या अंकाने सांगतात. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव किती घन इंच जागा व्यापते, तो हा अंक. ८०० अंकाची लव उत्तम समजतात, ६०० ची मध्यम. दोहोंच्या किमतीत बराच फरक असतो. हा फरक केव्हा सोसावा? पुन्हा थोडे गणित करू. २ मीटर लांब व १.२ मीटर रुंद तळदुलई घेतली आणि २ सेंटिमीटर जाडी हवी असली, तर ४८ लिटर जागा भरावयाची. तिला ८०० अंकाची लव सुमारे १०४ ग्रॅम लागेल, तर ६०० अंकाची १३८ ग्रॅम. फरक अवघा ३४ ग्रॅमांचा. एखाद्या लहान पेरूहूनही कमी. जाडी ७ सेंटिमीटर हवी असली तर हेच आकडे सुमारे ३६३ व ४८४ ग्रॅम होतात, आणि फरक १२० ग्रॅमांवर जातो. प्रत्यक्षात कप्पे नीट भरावेत म्हणून ह्यापेक्षा वीस-तीस टक्के लव अधिक घालतात, परंतु प्रमाण तेच राहते. तेव्हा उन्हाळी दुलईसाठी महाग लव घेणे हा पैशाचा अपव्यय होय. हिवाळी दुलईसाठी तिचा विचार अवश्य करावा.

लवेचा वैरी म्हणजे पाणी. भिजली की तिचे धागे एकमेकांना चिकटतात, पुंजक्यांचे गोळे होतात, हवेचा पिंजरा मोडतो आणि हवेच्या जागी पाणी येते. ते चोवीस पट वेगाने उष्णता नेणारे पाणी. हल्ली लवेवर पाणी न धरणारा लेप देतात. त्याने दव व घाम ह्यांच्यापुरते संरक्षण मिळते, मुसळधार पावसात नाही.

कृत्रिम तंतू हे पॉलिएस्टरचे असतात. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकी लष्करासाठी लवेला पर्याय शोधताना अतिसूक्ष्म तंतूंची एक जात तयार झाली, आणि पुढे तशा अनेक जाती बाजारात आल्या. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही. भिजलेली दुलई पिळून पुन्हा टांगली तर तिची बरीचशी जाडी परत येते, आणि ती लवकर वाळते. ह्याची किंमत वजनात मोजावी लागते : तेवढ्याच उबेसाठी उत्तम लवेच्या सामान्यतः दीडपट किंवा अधिक वजन, आणि पिशवीत जागाही अधिक. शिवाय वारंवार दाबून भरल्याने हे तंतू हळूहळू आपला फुगीरपणा गमावतात. लवेची दुलई नीट जपली तर कितीतरी अधिक वर्षे चालते.

लवेविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक लव मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांपासून मिळते. परंतु काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची लव उपटण्याची क्रूर पद्धत आढळल्यामुळे आता लवेचा उगम तपासून प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था झाली आहे. ज्यांना प्राणिजन्य पदार्थच नको असतात, त्यांचा प्रश्न कृत्रिम तंतूंनी सुटतो.

लोकर ह्या दोघांच्या तुलनेत जड आहे. तथापि ती आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी पांघरून पावसात उभा राहणारा आपल्याकडील धनगर हा गुण जाणतो. ज्याचे सामान मोटारीतून जावयाचे आहे आणि ज्याला उन्हाळी रात्रीपुरती ऊब हवी आहे, त्याने झोळीखाली दुमडलेली लोकरी चादर बांधली तरी भागेल.

एका पायवाटेवरील तीन ऋतू

हे सर्व विचार एकत्र कसे करावयाचे, हे अॅपालाचियन पायवाटेच्या उदाहरणावरून चांगले कळते. बेंटन मकाय ह्या वनशास्त्रज्ञाने १९२१ साली ह्या वाटेची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातील कटाडिन पर्वतापर्यंत, १४ राज्यांतून, ती सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. बहुतेक सर्व वाट गर्द झाडीतून जात असल्यामुळे झोळी टांगावयास जागा सापडते. संपूर्ण वाट एका दमात चालणारे लोक बहुधा मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडून निघतात आणि उन्हाळा पार करून शरद ऋतूच्या तोंडाशी उत्तरेस पोहोचतात. म्हणजे एकाच प्रवासात तीन ऋतू.

नकाशा पाहून कोणीही म्हणेल की दक्षिणेकडील आरंभ सौम्य आणि उत्तरेकडील शेवट कडक असणार. प्रत्यक्षात आरंभच अधिक कठीण असतो. ग्रेट स्मोकी पर्वतरांगेचे माथे दोन हजार मीटरपर्यंत चढतात. तेथे मार्चमध्ये हिमवर्षाव होतो, एप्रिलमध्येही होऊ शकतो. शिवाय त्या माथ्यांवर वर्षाकाठी सरासरी दोनशे सेंटिमीटरहून अधिक पर्जन्य पडते. शून्याच्या आसपास घुटमळणारे तापमान, पाऊस, धुके आणि वारा ह्यांचे हे मिश्रण कोरड्या, शून्याखाली १० अंशांच्या थंडीपेक्षा अधिक घातक असते, कारण कोरड्या थंडीत दुलई दुलईच राहते. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की शीताघाताला आरंभ होतो. प्रथम जोराची थरथर, मग बोटे चालेनाशी होतात, बोलणे अडखळते, आणि त्यानंतर जी अवस्था येते तिचा मोठा धोका हा की माणसाला आपले काही बिघडले आहे असेच वाटत नाही. त्यासाठी पाणी गोठण्याइतकी थंडी लागत नाही; ५ ते १० अंशांची हवा, ओले कपडे आणि वारा एवढे पुरते.

म्हणून वसंतातील ह्या टप्प्यासाठी ६ सेंटिमीटरांच्या आसपास जाडी धरावी. लव घ्यावयाची असेल तर झोळीवरची ताडपत्री रुंद हवी आणि तिच्या कडा खाली ओढून बांधता आल्या पाहिजेत. शिवाय दिवसा तळदुलई जलाभेद्य पिशवीत ठेवण्याची सवय हवी. ज्याची ही शिस्त नाही, किंवा ज्याचा हा पहिलाच प्रवास आहे, त्याने पाव किलो अधिक वजन सोसून कृत्रिम तंतू घेतलेले बरे, असे माझे मत आहे. पाठीवरच्या वजनाने कोणी दगावत नाही.

जून ते ऑगस्टमध्ये व्हर्जिनिया आणि पेन्सिल्वेनियातील सखल भागात रात्रीचे तापमान पुष्कळदा १५ ते २० अंशांच्या दरम्यान राहते. येथे दोन-तीन सेंटिमीटरांची पातळ तळदुलई पुरते, आणि तीही खांद्यापासून गुडघ्यापर्यंत असली तरी चालते. हवा दमट असते, म्हणून कृत्रिम तंतू सोयीचे. एवढ्या पातळ दुलईत वजनाचा फरक नगण्यच असतो. वसंतातील जाड दुलई टपालाने घरी पाठवून पातळ मागवून घेण्याची पद्धत ह्या वाटेवर रूढ आहे. ज्याला एकच दुलई परवडते, त्याने जाड घ्यावी. तळदुलईला एक सोय अशी आहे जी गादीला नाही : दोऱ्या सैल सोडल्या की ती झोळीपासून सुटते, मधून वारा जाऊ लागतो, आणि बिछाना गार होतो. जाड दुलई उन्हाळ्यात सैल सोडता येते. पातळ दुलई थंडीत जाड करता येत नाही.

पुढे न्यू हॅम्पशायरमध्ये माउंट वॉशिंग्टन लागतो. उंची अवघी १,९१७ मीटर. पण १९३४ सालच्या एप्रिलमध्ये तेथे ताशी ३७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली होती. असा वारा कोणाच्या वाट्याला येऊ नये. तथापि साधा वाराही दुलईच्या खोळीतून शिरून आतील हवा हलवितो. येथे अधिक लवेपेक्षा दुलईखाली घट्ट विणीच्या पातळ कापडाचा पडदा बांधणे अधिक फलदायी ठरते, आणि त्याचे वजन थोडके असते. तेथून मेनपर्यंत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री पुन्हा शून्याकडे झुकतात. कटाडिन ज्या उद्यानात आहे तेथील मुक्काम ऑक्टोबरच्या मध्यास बंद होतात. म्हणून रेंगाळलेल्या प्रवाशाला ह्या तारखेची आणि थंडीची एकदमच गाठ पडते.

खऱ्या हिवाळ्यात ह्या वाटेवर जाणारे थोडे. त्यांच्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते आणि ती बाहेरून न येता शरीरातूनच येते. त्वचा व श्वास ह्यांवाटे दिवसाकाठी सुमारे पाऊण लिटर पाणी नकळत बाहेर पडते. झोळीत श्वासाचे बाष्प वर जाते, पण त्वचेचे बाष्प दुलईतूनच बाहेर निघते; आणि बाहेर शून्याखाली १० अंश असतील तर ते दुलईच्या बाहेरील थरात पोहोचता पोहोचता गोठते. एका रात्रीत हे जाणवत नाही. आठवड्यात जाणवते. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरला गेले, तेव्हा त्यांच्या रेनडियरच्या कातड्याच्या स्लीपिंग बॅगा घामाच्या बर्फाने इतक्या ताठ झाल्या की रात्री त्यांत शिरणे हेच एक दिव्य होऊन बसले. अनेक रात्रींच्या हिवाळी प्रवासासाठी एक युक्ती उपयोगी पडते : आत लवेची जाड तळदुलई आणि तिच्या बाहेर कृत्रिम तंतूंची पातळ दुलई. बाष्प गोठण्याची जागा मग बाहेरच्या कृत्रिम थरात सरकते आणि लव कोरडी राहते. उन्हाळ्यातील ती पातळ दुलई येथे पुन्हा कामास येते. चकाकणारी धातूची चादर बांधून प्रारण अडविण्याचा प्रयोगही लोक करतात, परंतु तिच्यातून बाष्प मुळीच जात नाही आणि सकाळी तिच्यावर पाणी साचलेले आढळते.

बांधणी आणि निगा

उत्तम दुलई वाईट बांधली तर ती नसल्यासारखीच. ती झोळीच्या तळाला सर्वत्र टेकली पाहिजे, पण दाबली जाता कामा नये. मध्ये फट राहिली तर तेथून थंड हवा वाहते, आणि मग दुलई कितीही जाड असली तरी ती वाऱ्याच्या पलीकडे राहते. दोऱ्या फार ताणल्या तर झोळीच्या फुगवट्यावर दुलई आवळली जाऊन तिची जाडी जाते. चांगल्या तळदुलईच्या खोळीचे बाहेरचे कापड आतल्या कापडाहून थोडे मोठे बेततात, ते एवढ्यासाठीच. वाकविल्यावर बाहेरची कड ताणली जाऊन आतील हवा चेपू नये. विकत घेताना ही गोष्ट जरूर पाहावी. गोधडीप्रमाणे आरपार टाके घातलेली दुलई मात्र टाळावी, कारण प्रत्येक टाक्याच्या रेषेवर जाडी शून्य होते. उन्हाळी दुलईत ते खपून जाते, हिवाळी दुलईत उभ्या पडद्यांचे कप्पे हवेत.

परीक्षा सोपी आहे. झोळीत पडावे आणि दुसऱ्या माणसाला खालून हात फिरवावयास सांगावे. खांद्यांखाली आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना त्याचा हात दुलई व झोळी ह्यांच्यामध्ये सहज शिरत असेल तर तेथे फट आहे. दोन्ही टोकांच्या दोऱ्या आवळाव्यात. आपल्या पाठीला खालून दाब जाणवत असेल तर सैल कराव्यात. हा प्रयोग घराजवळच्या झाडांवर, एखाद्या थंड रात्री, पहाटेपर्यंत करून पाहावा, कारण हवा सर्वांत थंड असते ती सूर्योदयाच्या सुमारास. तेथे पाठ गारठली तर उठून घरात जाता येते.

प्रवास संपल्यावर दुलई दाबलेल्या पिशवीत ठेवू नये. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी. कृत्रिम तंतूंच्या बाबतीत ह्याची गरज लवेहूनही अधिक असते. लवेची दुलई वर्षादोन वर्षांनी सौम्य साबणाने धुवावी, पिळू नये, आणि ओली असताना एका कडेने उचलू नये, नाहीतर आतले पडदे फाटतात. वाळविताना मधून मधून कप्पे हातांनी मोकळे करावेत. बोटांना गोळे लागेनासे झाले आणि दुलई पूर्वीच्या जाडीला आली, म्हणजे ती वाळली असे समजावे.